काचेपलीकडचं बोलणं

कापडगिरणीच्या मागखात्यात तिला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. फरक एवढाच, की खऱ्या खिडकीवर लोक विचारतात आणि आतला माणूस सांगतो. इथं खिडकीच लोकांना विचारून भंडावून सोडायची. मागाचा पट्टा याच बाजूनं का फिरतो? सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याच्या टोकाला धातू का लावतात? पाळी सुटण्याआधी दिवे मंद का होतात? मुकादम तिला समोरून येताना पाहिलं की वाट बदलायचा. ती त्याला दुसऱ्या वाटेवर गाठायची.

एकोणिसाव्या वर्षी ती गिरणीत लागली. दीडशे माग एका छपराखाली एकदम धडधडत होते. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपलं डोकं आता फुटणार. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की इथल्या बायका भांडतात, खिदळतात, सासवांची उणीदुणी काढतात, पण आवाज मात्र कुणाचाच येत नाही. त्या नुसते ओठ हलवायच्या. घशातून हवासुद्धा न काढता, ओठ जरा जास्त ताणून, सावकाश. समोरची पाच माग पलीकडे उभी असली तरी तिला सगळं कळायचं.

आपल्याला सोडून सगळ्या हसताहेत हे चौकस बाईला सहन होईल का? तीन महिन्यांत ती ते बोलणं शिकली आणि वर्षभरात त्यात सगळ्यांच्या पुढं गेली. मुकादमानं लांब दाराशी उभं राहून तोंडातल्या तोंडात शिवी हासडली, तरी ती तिला अचूक पोचायची. मग ती त्याच्यापाशी जाऊन विचारायची, की एवढा राग नेमका कशाचा आला.

अशी सव्वीस वर्षं गेली. त्यात कान कधी गेले हे तिला कळलंही नाही. दारावरची घंटा वाजून वाजून थकायची आणि शेजारीण खिडकीतून डोकावायची, तेव्हा ती म्हणायची, “जरा विचारात होते.” घरात सगळ्यांना वाटायचं, बाई विचारी आहे. मागून मारलेल्या हाकेला ती ओ देत नाही हे लेकीला ठाऊक होतं, पण त्याला ती आईचा ताठा समजायची. समोर कुणी असलं तर मात्र तिचं एक अक्षर चुकत नसे. खरं काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गिरणीतल्या चाळीसही बायकांचं असंच झालं होतं, आणि कुणीच कुणाला सांगत नव्हतं.

मग गिरणीच्या अंगणापलीकडं नवी शेड उभी राहिली. तिथल्या मागांना धोटाच नव्हता. हवेचा झोत सूत उचलायचा आणि या टोकाकडून त्या टोकाला नेऊन पोचवायचा, तेही एका मिनिटात शेकडो वेळा. एका बाईनं वीस माग सांभाळायचे. हे ऐकल्यापासून आमच्या चौकशी खिडकीची अन्नावरची वासना उडाली. हवेनं सूत जातं तर ते वाटेत गुंतत का नाही? झोत अर्ध्यावरच विरला तर काय होतं? बंद दाराच्या फटीला डोळा लावून ती उभी राहायची. तिथला फिटर वैतागून म्हणाला, “बाई, आत कामाला आलात की कळेल सगळं.” तिनं ते मनावर घेतलं.

नव्या शेडमध्ये जुन्यांपैकी बारा जणींनाच घेणार होते. उरलेल्यांनी घरी बसायचं. तिची लेक यंत्रशाळेतून शिकून आलेली, तिचं नाव नव्या लोकांच्या यादीत आधीच लागलं होतं. जुन्या बायकांना मात्र एक अट होती: कानांची तपासणी. सूत तुटलं की नवा माग घंटा वाजवतो, ती ऐकू यायला हवी. “दिवा पण लागतो ना? मग घंटा कशाला?” तिनं फिटरला विचारलं. फिटरनं डोकं खाजवलं आणि अट मी घातलेली नाही म्हणून सांगितलं.

तपासणीच्या दिवशी गिरणीच्या दवाखान्यात एक काचेची खोली आणून ठेवली होती. कपाटाएवढीच, दुहेरी काचेची, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी. बाहेर डॉक्टरीणबाई यंत्रापुढं बसलेल्या. आत जाण्याआधीच हिनं त्यांना दहा प्रश्न विचारले. बाई तरुण होत्या, त्यांना कंटाळा आला नाही. त्यांनी सांगितलं, की आत कानाला हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. आणि यंत्राशेजारचा हा कागद कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, की कान कशानं गेले ते यावर लिहायचं असतं. कामामुळं गेले असं निघालं, तर गिरणीला सगळ्यांच्या कानांसाठी बंदोबस्त करावा लागेल, नव्या शेडमध्येसुद्धा. तिथला आवाज काही कमी नाही.

“आणि आधीपासूनच गेले होते असं लिहिलं तर?”

“तर मग काहीच नाही, मावशी.”

ती आत जाऊन बसली. शिट्टी काही तिला ऐकू आली नाही. पण बाईंनी यंत्राची कळ दाबली की त्यांचा उजवा खांदा किंचित वर यायचा, हे तिनं दुसऱ्याच खेपेला हेरलं. मग काय, खांदा वर, बटण खाली. आपण फसवतोय याची तिला लाज वाटत होती, आणि आपलं जमतंय याची गंमतही वाटत होती. अशा सात-आठ शिट्ट्या तिनं बिनचूक ‘ऐकल्या’. नव्या शेडचं दार तिला उघडताना दिसायला लागलं.

एवढ्यात मॅनेजर आले. ते काचेकडं तोंड करून उभे राहिले आणि बाईंशी बोलू लागले. आतल्या बाईला काय ऐकू येणार, या भरवशावर ते मोकळेपणानं बोलले. जुन्या बायकांचे कान आधीपासूनच अधू होते, कामाशी त्याचा संबंध नाही, असं सगळ्यांच्या कागदावर सरसकट लिहून टाका, म्हणजे पुढं कटकट नको.

सव्वीस वर्षांची सवय. कुणाचे ओठ हलले आणि त्यात काही चुकीचं असलं की उत्तर आपोआप निघायचं. ती आतूनच म्हणाली, “आधीपासून कसे असतील? मी लागले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायची.”

आतला आवाज बाईंच्या यंत्रातून बाहेर पोचला. मॅनेजर क्षणभर गोरेमोरे झाले. पण माणूस मुरलेला. लगेच हसून म्हणाले, बघा, हिला तर सगळं ऐकू येतंय, हिला पास करून टाका.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी दार उघडलं आणि तिच्या कानांवरचे हेडफोन काढले. एकदा दुहेरी काचेकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग समोर बसून त्यांनी अगदी हळू विचारलं, “मावशी, साहेब काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं की दिसलं?”

तिला प्रश्नाचा अर्थ लगेच उमगला. ‘ऐकू आलं’ म्हटलं, की ती बारा जणींत. हवेवरून जाणारं सूत ती रोज जवळून बघणार. आणि बाकीच्या बायकांच्या कागदांवर ‘आधीपासून’ लिहिलं जाणार. लेक त्याच नव्या शेडमध्ये उघड्या कानांनी उभी राहणार, आणि वीस वर्षांनी तीही दारातल्या शेजारणीला म्हणणार, जरा विचारात होते. तिला ते माग फार बघायचे होते. इतकं हावरट तिला आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दलही वाटलं नव्हतं.

“दिसलं,” ती म्हणाली. “आम्हा सगळ्यांनाच दिसतं. बाहेर बसलेल्या बायकांना विचारा.”

मग बाईंनी एकेकीला आत बसवलं, काचेबाहेरून नुसते ओठ हलवले आणि काय म्हटलं ते विचारलं. सगळ्या जणींनी शब्दन् शब्द सांगितला. ओठ वाचायची वेळ सगळ्यांवर या एकाच मागखात्यात आली होती, तेव्हा कान कशानं गेले ते उघड होतं. मॅनेजर पुष्कळ बोलले, वरपर्यंत गेले, पण बाईंनी कागदांवर ‘कामामुळे’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

जुनी शेड बंद झाली आणि ती घरी बसली. पहिले काही दिवस तिला फार जड गेले. सकाळी पाळीच्या वेळेला ती तयार होऊन बसायची आणि मग स्वतःचंच हसू येऊन साडी बदलायची.

लेक पहिली पाळी करून आली त्या संध्याकाळी ती दाराकडंच डोळे लावून होती. लेकीनं गळ्यातली दोरी काढून खुंटीला अडकवली. दोरीच्या दोन्ही टोकांना मऊ बोंडं होती, कानात घालायची. शेडमध्ये ती घातल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, असं लेक म्हणाली आणि पाणी प्यायला वळली.

इकडं आईला कुठला धीर. खोलीच्या या टोकाला बसूनच तिनं विचारायला सुरुवात केली: सूत वाटेत गुंतत कसं नाही, झोत कुठून सुटतो, तुटलं तर हातानं सांधायचं का. लेक पेला हातात धरून नुसती बघत राहिली. आईचे ओठ भराभर हलत होते, पण त्यातून आवाज काही निघत नव्हता. गडबडीत ती गिरणीतलं बोलायला लागली होती.

लेक जवळ आली आणि म्हणाली, “आई, मला यातलं काही कळत नाही. आवाज काढून विचार ना. मला ऐकू येतं.”

तिला इतकं बरं वाटलं, की तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, सगळं घर दणाणेल एवढ्या मोठ्यानं.