बाबांची हाक आणि जुनं एसएमपीएस

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की या सदरातले अनुभव वाचते आणि चक्क हसते. पिंपळाखालची बाई, चालता चालता गायब झालेला म्हातारा... तसलं काही माझ्याकडे नाही. माझ्याकडे एक पंखा आहे. तोही कॉम्प्युटरमधला, तळहाताएवढा.

जोयड्यात सरकारी कचेऱ्यांसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घर गुंदला, रोज बसने ये-जा. घरी आई आणि बाबा. बाबा बसवर कंडक्टर होते. रामनगर स्टँडवर ते ‘खानापूर, बेळगाव’ असं एकदा ओरडले की हॉटेलातली माणसं अर्धा चहा टाकून पळत यायची. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाचा नुसता वारा उरला. तोंडाजवळ कान नेला तरच शब्द कळतात. पायातही ताकद नाही, त्यामुळे दिवसभर पुढच्या सोप्यावरच्या खाटेवर. हाक मारायला घंटी आणून दिली तर म्हणाले, घंटा देवापुढे वाजवतात, बायकोला बोलवायला नाही. ती घंटी आता म्हशीच्या गळ्यात आहे.

पावसात आमच्याकडे डिश चालत नाही, मोबाईलला रेंज फक्त वरच्या खळ्यावर. म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला, हार्ड डिस्कवर नाटकं, कुस्त्या, कन्नड सिनेमे भरून. बाबा खूश झाले. आवाज बारीक ठेवून दिवसभर बघत पडायचे. पण त्याचं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा तो मागचा पत्र्याचा डबा, त्याच्या पंख्याची घरघर थेट मागच्या स्वयंपाकघरात पोचायची. वर मधूनच तो दोन-चार सेकंद थांबायचा आणि परत सुरू. आता ज्या घरात माणसाची हाक म्हणजे कुजबुज, तिथे ही गिरणी कशाला? बाबांनी हाक मारली आणि आईला ऐकूच आली नाही तर? माझी झोप उडाली होती या विचाराने.

एसएमपीएस निवडणं हे माझं रोजचं काम. लोक उगाच सहाशे वॉटचं घेतात. सिनेमा दाखवणाऱ्या कॉम्प्युटरला तीनशे रग्गड झालं. पंखा मोठा हवा, म्हणजे हळू फिरूनही भागतं. आणि डबा हातात जड लागला पाहिजे. हलका लागला तर आत माल नाही. बेळगावहून मी दोन मागवले. एक बिनपंख्याचा, एकदम मुका, पण महाग. दुसरा परवडणारा, मोठ्या पंख्याचा. गरम झाल्याशिवाय त्याचा पंखा फिरतच नाही.

आई म्हणाली, देवाला विचारू. आमच्याकडे नवीन म्हैस घ्यायची तरी कौल लावतात, पण एसएमपीएससाठी? मला लाजच वाटली. तरी गेली ती. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, आईने पहिल्या डब्याचं विचारलं. डावी पाकळी पडली, म्हणजे नको. दुसऱ्याचं विचारलं. परत डावी. घरी येऊन म्हणते, देवाला दोन्ही पसंत नाहीत, तिसरा मागव. मी म्हटलं, देवाला वॉट कळतात का? आणि परवडणारा होता तो बसवून टाकला. घ्यायचा कुठला हे आम्ही विचारलं. मुळात बदलायचा का, हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बसवल्यावर घर कसं शांत झालं म्हणून सांगू... भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. स्वतःवरच खूश झाले मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा खाटेवरून पडले.

पाणी हवं होतं. हाका मारमारून थकले आणि स्वतःच उठायला गेले. आई मागे भात गाळत होती. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा ते जमिनीवर. कपाळाला खोक पडली होती, हाड मोडलं नाही एवढं नशीब. खळ्यावरून आईचा फोन आला तशी मी धावत घरी आले आणि तिच्यावरच ओरडले. एवढं शांत करून दिलंय, तरी ऐकू येत नाही तुला?

आई म्हणाली, “पंखा थांबला न्हाई बाय. मला कळणार कसं?”

मला काहीच कळेना. मग हळूहळू तिने सांगितलं. बाबांची हाक तिला कधीच ऐकू येत नव्हती. स्वयंपाकघरात घरघर ऐकू येत असायची, ती थांबली की आई हातातलं टाकून उठायची. गेलं की बाबांना काहीतरी हवंच असायचं. पाणी, कूस बदलून, काहीतरी. तिला वाटलेलं, मीच तशी सोय करून ठेवलीय. मुलगी कॉम्प्युटरवाली, केलं असेल काहीतरी!

मी काहीही केलं नव्हतं. मी तर तो बिघाड धरला होता.

जुना डबा दुकानात भंगारात पडला होता. टेबलावर लावून दिवसभर चालवला. एकदाही थांबला नाही. व्होल्टेज म्हणावं तर घरी स्टॅबिलायझर आहे. आतल्या तारा तपासल्या, सांधे बघितले. काही नाही. शेवटी चडफडत तोच परत घरी बसवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन बसले वही घेऊन. पंखा चार वेळा थांबला, आणि चारही वेळा मी बाबांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग म्हटलं, बाबा, आता मुद्दाम हाक मारा. मारली. नाही थांबला. दहा वेळा मारायला लावली, एकदाही नाही. बाबा वैतागले. माझा कान जवळ ओढून म्हणाले, “काही नको असताना कशाला थांबेल तो?”

मी वही मिटली.

तरीही मनात एक धरून होते, की आवाजाचंच काहीतरी असणार. बाबांचा श्वास, खाटेचा हादरा, जमिनीतून काहीतरी जात असेल. मग दिवाळीनंतर बाबांना तपासणीसाठी बेळगावला ॲडमिट केलं. मी त्यांच्याजवळ, आई घरी. म्हशीला कोण बघणार? दुपारी बाबांनी खूण करून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ती जेवली का? म्हटलं, जेवली असेल, झोपा तुम्ही. सातआठ मिनिटं झाली असतील, तर आईचा फोन. घरापासून खळ्यापर्यंत चढून यायला तिला तेवढाच वेळ लागतो. धाप लागलेली होती.

म्हणाली, घर खायला उठतं म्हणून टीव्ही लावून ठेवला होता, तर आत्ता पंखा थांबला. “त्यांना काय पायजे हाय बघ.”

मला एकदम रडू आलं. घाबरलेही. म्हटलं, आई, तू जेवलीस का ते विचारतायत.

तिने आधी धाप आवरली. मग म्हणाली, “न्हाई. सांग त्यांना, आता जेवते.”

आता बाबा घरी आहेत, बरे आहेत. तो नवा डबा मी एका मास्तरांना विकला; ते म्हणतात, अगदी मुका आहे, छान आहे. आणि मी, या धंद्यातली बाई, अजून तिथेच अडकलेय. बेळगाव ते गुंद, मध्ये एवढं जंगल... कुठल्या तारेतून गेलं ते? तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा. फक्त बेअरिंगला तेल घाल म्हणजे घरघर जाईल, असं सांगू नका. ते मलाही येतं. पण मी ते घालणार नाही.