वाढत्या नंबरचा चष्मा

मास्तरांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. जे काय व्हायचं ते बाकीच्या जगाला झालं होतं. सुया बनवणाऱ्यांनी सुईचं भोक लहान केलं होतं, दिवे बनवणाऱ्यांनी उजेडात काटकसर चालवली होती आणि वर्तमानपत्रवाल्यांनी अक्षरं इतकी बारीक केली होती की पेपर हात लांब करून, मान मागे टाकून, समोरच्याला दाखवल्यासारखा वाचावा लागे. पुढे हाताची लांबी संपली, तेव्हा मास्तरांनी पेपरच सोडला. म्हणाले, त्यात हल्ली असतं काय?

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणाचं दुकान. एक कटिंगचं टेबल, एक मशीन, एक उभा आरसा आणि तयार कपडे टांगायचा दांडा. कोटाचं अस्तर मशीनवर बसवणाऱ्या माणसाला ते शिंपी मानतच नसत. त्यांचं अस्तर हातशिलाईचं. दुसऱ्याच्या टाक्याला त्यांनी कधी चांगलं म्हटल्याचं त्यांच्या बायकोला आठवत नाही, आणि तिला बरंच काही आठवतं. काजं आणि बटणं तेवढी तिच्याकडे. त्यासाठी ती दुपारी दुकानातून गठ्ठा घरी नेई.

एके सकाळी जुनं गिऱ्हाईक असलेले वकील काळं कापड घेऊन आले.

"मास्तर, मागच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड होता. मी कोर्टात दिवसभर कलून उभा होतो."

"कापड आटलं असेल."

"एकाच पायाचं?"

मास्तरांनी टेप उचलली. वकिलांनी मापं देता देता शांतपणे सांगून टाकलं, की हा कोट नीट झाला तर ठीक, नाहीतर ते समोरच्या नव्या दुकानात जातील आणि त्यांच्या मागोमाग कोर्टातले बाकीचे वकीलही जातील.

आता काळ्या कापडावर काळा दोरा. कापड कुठे संपतं आणि दोरा कुठे सुरू होतो, हे मास्तरांना केवळ श्रद्धेने कळत होतं. नाइलाजाने ते बाजारातल्या चष्म्याच्या टोपलीपाशी गेले. तिथे तयार चष्मे नंबरवार मांडलेले होते. दीड नंबरचा लावल्यावर बरं दिसत होतं. पण लहान पोरांचे कपडे शिवताना पुढे उसवून वाढवता यावेत म्हणून आत दाब सोडणारा हा माणूस. अंग वाढतं, मग नंबरही वाढणारच. आज दीड घ्यायचा, पुढच्या वर्षी दोनसाठी पुन्हा यायचं, हे सांगितलंय कुणी? त्यांनी सरळ तीन नंबरचा उचलला आणि आपल्या दूरदृष्टीवर खूश होऊन परतले.

तीन नंबरचा चष्मा दीड वितीवरचं झक्क दाखवतो आणि त्यापलीकडचं जग रद्द करतो. कटिंगचं टेबल नेमकं त्या रद्द झालेल्या जगात होतं. मास्तर कंबरेत वाकून, नाक कापडाला टेकवून खडूची रेघ शोधू लागले.

"अहो, कापड कापताय की हुंगताय?" बायकोने विचारलं.

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाही कसं, दिसतंय की मला."

कोट कसाबसा बेतला गेला. अस्तर शिवताना मात्र एका दोऱ्याचे दोन दोरे दिसायला लागले. त्यातला खरा कुठला, हे मास्तर अंदाजाने ठरवत. संध्याकाळी डोकं ठणकायचं. त्याचा दोष त्यांनी हवेला दिला. बायकोने मात्र काजांसाठी कोट घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना दंडाला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं.

तिथल्या बाईंनी समोरच्या फळ्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचली.

"अक्षरं छान आहेत," बाई म्हणाल्या, "पण फळ्यावर नाहीत."

मग काचा बदलत बदलत त्यांनी नंबर काढला आणि चिठ्ठीवर बोट ठेवून समजावलं. दोन्ही डोळे सारखे नाहीत, आणि टोपलीतल्या चष्म्यात दोन्ही काचा सारख्या असतात. शिवाय डाव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे डोळा एका बाजूने जास्त ताणलेला आहे. शेवटचा आकडा ती बाजू सांगतो. काच त्याच कोनात बसायला हवी.

"म्हणजे तिरप्या कापडासारखं," मास्तर म्हणाले. "कल चुकला की झोल."

"अगदी तसंच. काम किती अंतरावर करता?"

हा प्रश्न त्यांना आवडला. गळ्यातली टेप काढून त्यांनी बाईंना कटिंगचं अंतर वेगळं आणि हातशिलाईचं वेगळं, असं मोजून दाखवलं. बाईंनी एकाच काचेत वर एक आणि खाली एक, असे दोन नंबर लिहिले. मग मास्तर हळूच म्हणाले, "थोडा वाढता धरा ना."

"मास्तर, डोळा उसवून सैल करता येत नाही."

मग निळा उजेड अडवणारा थर, चमक घालवणारा थर, ओरखडे न पडू देणारा थर अशी यादी निघाली. मास्तरांनी हात वर केला. "अस्तर एकच लावा, पण चांगलं लावा."

चष्मा तयार होऊन आला तेव्हा कोट दांड्यावर टांगलेला होता. मास्तरांनी चष्मा चढवून कोट उलटा केला. अस्तराचे टाके बारीक, सारखे, कुठे उसंत नाही की गर्दी नाही. त्यांची छाती फुगली. याला म्हणतात हात, डोळ्यांवाचूनही चालतो. मग ते जरा वाकले, आणि छाती जागेवर आली. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले होते. त्यांची बायको डावरी. तिचा टाका असाच कलतो म्हणून नवी नवरी असताना त्यांनी तिला रडवेपर्यंत चिडवलं होतं.

त्यांनी दांड्यावरचा दुसरा कोट उलटला, मग तिसरा. एकातही त्यांचा टाका शिल्लक नव्हता. तेवढी वकिलांची पँट फसली होती, कारण कापलेलं तिलाही लांब करता येणार नव्हतं.

वकील आले, कोट घालून आरशासमोर वळले, अस्तरावरून बोट फिरवलं. "हात तोच आहे मास्तर. इथेच येणार आम्ही."

एरवी यावर मास्तरांचं तासभर व्याख्यान झालं असतं. आज ते खाली बघून, नसलेला दोरा कॉलरवरून वेचत राहिले. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

दुपारी बायको गठ्ठा न्यायला आली. त्यांच्या नाकावर चष्मा आणि हातात उलटा केलेला कोट बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"दिसायला लागलं वाटतं," ती म्हणाली.

मास्तरांनी अस्तरावरून अंगठा फिरवला. मग जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, "टाका चांगला आहे तुझा."

"तुमच्याकडे बघूनच शिकले," ती गठ्ठा बांधत म्हणाली. "तुम्हाला दिसत होतं तेव्हा."