सतरा नंबरची तुळई

माझी मावशी नगरपालिकेच्या जुन्या इमारतींच्या खात्यात नकाशे काढायची. बावीस वर्षं ती जुन्या शहरातल्या घरांचे जिने, चौकटी, छतं मोजत हिंडली, म्हणून त्या गल्ल्यांत तिचं नावच ‘फीतवाली’ पडलं होतं. लग्न केलं नाही. “एवढी घरं सांभाळते, त्यात आणखी एक कशाला?” असं म्हणून आजीला गप्प करायची.

घरांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गातल्या घराचा खिळासुद्धा परवानगीशिवाय उपटायचा नाही. तिसऱ्यातलं घर मालकाने उद्या पाडलं तरी कुणी हटकणार नाही. वर्ग ठरवायचे साहेब, पण सही करताना त्यांची नजर मावशीच्या टिपणावरच असे.

सतरा नंबरचं घर तिनेच पहिल्या वर्गात घातलं. त्याचा लाकडी सज्जा एकही खिळा न मारता जोडलेला होता, आणि तो जोडणाऱ्याचाच वंशज, एक म्हातारा सुतार, बायकोबरोबर तिथे राहत होता. त्याला कोण आनंद झाला! खात्याची पितळी पाटी त्याने स्वतःच्या हाताने दारावर बसवली. काकू मावशीला ‘आमची सरकारी लेक’ म्हणायच्या आणि जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

मग छताची मुख्य तुळई वाळवीने पोखरली. काकांनी लाकूड आणलं, तासून तयार ठेवलं. चार दिवसांचं काम. पण घर पहिल्या वर्गातलं, म्हणून अर्ज केला. नवं लाकूड जुन्याच जातीचं असल्याचा दाखला नाही म्हणून अर्ज परत आला. दाखला जोडला, तर परवानगी देणाऱ्या समितीची मुदत संपली होती आणि नवी नेमलेली नव्हती. मावशी फाइल घेऊन टेबलाटेबलाला नाक घासत फिरली.

“मी दार लावून बदलून टाकतो,” काका एकदा म्हणाले. “तू काही बघितलंच नाहीस.”

“नका हो काका. सापडलात तर घर सील करतील. महिनाभर थांबा, मी मिळवते परवानगी.”

काकांनी ऐकलं. तुळईला टेकू दिला आणि थांबले. एकाचे सव्वीस महिने झाले.

एका दुपारी टेकू सरकला. काकू खाली भाजी निवडत बसल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिल्या नाहीत.

चौकशी झाली. अहवालाला नकाशा हवा होता, आणि तो मावशीलाच काढायला लावला. तुळई कुठे पडली, काकू कुठे होत्या, सगळं मापासकट तिने काढलं. वर साहेबांनी लिहिलं : घरमालकाने देखभालीत हयगय केली. मावशीने ते वाचलं आणि नकाशाखाली सही केली. नोकरी गेली तर आजीच्या औषधपाण्याचं काय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं, असं ती नंतर मला म्हणाली. हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग तिने एकच गोष्ट केली. काकांना छत तरी नीट करता यावं म्हणून सतरा नंबर तिसऱ्या वर्गात टाका, असं टिपण दिलं. सव्वीस महिने न हललेली फाइल आठ दिवसांत हातावेगळी झाली. कागद घेऊन ती काकांकडे गेली.

“आता बांधा काका. कुणी अडवणार नाही.”

“कुणासाठी बांधू?” काका म्हणाले. काकू गेल्यावर त्यांनी घर एका बिल्डरला देऊन टाकलं होतं. पाडायचं अडलं होतं ते पहिल्या वर्गापाशी.

दोन दिवसांत सतरा नंबर पडलं. सज्जा यंत्राने एका हिसक्यात ओढला. मावशी समोरच्या पायरीवर बसून बघत होती. शेवटी तिने धीर करून विचारलं, “काका, मी थांबा म्हटलं नसतं तर...”

“तर ती असती,” काका म्हणाले. रागाने नाही, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. आणि पुतण्याच्या गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर मावशीने चार वर्षं नोकरी केली. एकही घर तिने पहिल्या वर्गात घातलं नाही. साहेबांना हरकत नव्हती. बिल्डरांना तर नव्हतीच. त्या चार वर्षांत तिने मोजलेल्या त्रेसष्ट घरांपैकी आता पाच उभी आहेत. दुरुस्तीचा खर्च न झेपणारी त्या पाचांतली माणसंही छताकडे बघत झोपतात.

“निदान माणसं तरी वाचली असतील, मावशी,” मी एकदा तिची समजूत काढायला गेले.

“कोण वाचलं? ती माणसं कुठे गेली, मला ठाऊक नाही. तुला आहे?”

गेल्या वर्षी काका पुतण्याकडे वारल्याचं कळलं. मावशीने साडी बदलली, चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

“तिथे कुणी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण, तर काय सांगू?” ती म्हणाली.