गुळगुळीत खड्याचा ठसा

या मासिकात लोकांचे चमत्कारिक अनुभव छापून येतात ते मी नेमाने वाचतो, आणि आजवर नेमाने हसत आलो. देवचार, मुंजा, गिऱ्हा — यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, रत्नागिरीच्या बाजारपेठेत लहानसं दुकान आहे. उभा जन्म चाकं, दाते आणि कमानी यांच्यात गेला. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं. ते सापडलं नाही, तर आपली नजर कमी पडली. इतकं साधं माझं तत्त्वज्ञान.

तरी आज लिहायला बसलो आहे, आणि खरं सांगतो, रागाने बसलो आहे. गावात माझ्या खडे घासायच्या यंत्राबद्दल काय वाटेल ते पसरलं आहे. कुणी म्हणतं त्यात मुंबईच्या मेलेल्या कारागिराचं भूत आहे. कुणी म्हणतं चाक आपोआप फिरतं. परवा मी दुकानात असताना कोणीतरी पडवीत शिरून यंत्राला कुंकू लावून नारळ ठेवून गेलं! ते कुंकू तेलात कालवून थेट आसापर्यंत गेलेलं... अर्धा दिवस पुसत होतो. यंत्र निर्दोष आहे हो! जे घडलं ते यंत्रात घडलं नाही. कुठे घडलं ते मला सांगता येत नाही, पण काय घडलं ते सांगतो.

खडे घासून त्यांना पैलू पाडण्याचं, जिल्हई म्हणजे चकाकी देण्याचं ते यंत्र मी मुंबईहून जुनं घेतलं. भुलेश्वराकडच्या एका गल्लीत एक म्हातारा कारागीर धंदा बंद करून मुलाकडे निघाला होता — हो, जिवंत होता तो, आणि चांगला ठणठणीत होता, हे भूतवाल्यांनी ध्यानात घ्यावं. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरवताना खलाशांनी शिव्या घातल्या, कारण मोठं चाक ओतीव लोखंडाचं. बैलगाडीने घरी आणलं आणि पडवीत बसवलं.

'बसवलं' हा शब्द लिहायला सोपा. सारवलेल्या जमिनीवर ते चालू केलं की चौकट नाचायची. शेवटी जमीन खणून खाली चिरे घातले, वर सागाच्या फळ्या, आणि पाणसळ धरून चौकट आडवी-उभी नीट लावली. आस किंचित वाकलेला होता, तो लोहाराकडे नेऊन सरळ करून घेतला. चामड्याचा पट्टा वाळून कडकडीत झालेला. त्याला उंडणीचं तेल चोळचोळून मऊ केलं. मोठ्या चाकाला हात असतो, तो एकाने फिरवायचा. पट्ट्यावरून लहान चाक गरगरा फिरतं, आणि त्यावर दुसऱ्याने खडा धरायचा. वर डब्यातून पाणी थेंबथेंब. हात फिरवायला आमची सौभाग्यवती. "घड्याळं तरी गुपचूप होती, हे मेलं घरभर ओरडतं," असं म्हणत म्हणत ती असा एकसारखा वेग ठेवायची की मोटर लाजली असती.

काजळी नदीच्या पात्रातल्या गारगोट्या आणून हात बसवला. मग गावातून कामं येऊ लागली — कुणाची कानातली, कुणाची कोटाची बटणं, कुणाच्या देव्हाऱ्यातला स्फटिकाचा बाण, म्हणजे शिवलिंग. सगळं सुरळीत. एकही खडा फुटला नाही, की पट्टा सुटला नाही.

मग सदुभाऊ आले.

सदुभाऊ म्हणजे खालच्या आळीतले आंब्याच्या बागांचे मालक. गावात वजन, देवळाच्या सभेत पहिल्या रांगेत बैठक. (नाव मी बदललं आहे, पण रत्नागिरीत कुणाला ओळखायचं असेल तर खुशाल ओळखावं.) त्यांनी खिशातून एक काळा सुलेमानी खडा काढला. अंगठीतून काढलेला, वर शिक्क्यासाठी उलटी अक्षरं कोरलेली.

"तात्या, एवढी अक्षरं घासून टाका. वर आरशासारखं पॉलिश करा. मुंबईला पाठवून माझं नाव कोरून घेईन म्हणतो."

"जुना दिसतो खडा."

"हो, असाच मिळाला कुठे तरी," म्हणाले, आणि विषय पावसापाण्यावर नेला.

शिक्क्याची अक्षरं उलटी असतात, शिवाय झिजलेली, ती काही मी लावून वाचली नाहीत. दुपारी खडा लाखेने काडीवर चिकटवला, सौभाग्यवतीने चाक फिरवलं, मी धरला. अक्षरं गेली. पूड लावून जिल्हई दिली. डोळ्याला भिंग लावून पाहिलं — ज्या भिंगाने मी घड्याळातला केसाएवढा ओरखडा शोधतो ते भिंग. खडा स्वच्छ. नख फिरवलं, नख कुठे अडलं नाही. त्यात पडवीचे वासे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सदुभाऊ आले. खडा उन्हात धरून न्याहाळला, खूश दिसले. पण माणूस संशयी. खिशातून शिक्क्याची लाख आणि काडेपेटी काढली, कागदावर लाख वितळवली, आणि खडा तिच्यावर दाबला. उचलला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही चेष्टा आहे का तात्या?"

लाखेत अक्षरं उमटली होती. स्वच्छ, उठावदार.

"काम न करता नुसतं तेल पुसून ठेवलंत! तुमच्यासारख्याने असं करावं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर माझ्या कामाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. "सदुभाऊ, खडा बघा. डोळे आहेत ना? कुठे आहे अक्षर? दाखवा!"

त्यांनी खडा फिरवून फिरवून पाहिला. मी भिंग पुढे केलं. खडा गुळगुळीत. लाखेत मात्र अक्षरं.

"थांबा इथेच," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांदेखत घासतो."

सौभाग्यवती हात पुसत माजघरातून आली. सदुभाऊ पडवीच्या कठड्याला टेकून उभे. मी पुन्हा खडा चाकाला लावला आणि रागाच्या भरात इतका घासला की तो पहिल्याच्या निम्मा राहिला. पुन्हा जिल्हई दिली. या वेळी लाख मी वितळवली, खडा मीच दाबला.

अक्षरं आली. पहिल्यापेक्षा ठसठशीत. रागाच्या भरात ती वाचून बघायचंही मला सुचलं नाही.

मी दुसरे खडे दाबून पाहिले — बाणाचं बूड, बटण, गारगोटी. सगळे कोरे. लाख बदलली, कागद बदलला. या खड्याचा ठसा मात्र प्रत्येक वेळी तोच. सदुभाऊंच्या कपाळाला घाम फुटलेला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "फोडून टाका तात्या. हातोडी घ्या आणि चुरा करा त्याचा."

"खडा तुमचा, आणि फोडायला सांगता?"

तेवढ्यात सौभाग्यवतीने तो लाखेचा कागद उचलला. तिने वाचलं, आणि मोठ्याने म्हटलं, "विनायक."



"सदुभाऊ, हा तुमच्या दादांच्या अंगठीतला खडा ना हो?" ती म्हणाली. "रमाताईंनी चोरून माहेरी पाठवली म्हणून ओरड केलीत, त्याच अंगठीतला ना?"

आता हे वाचकांना सांगायला हवं. विनायकराव हे सदुभाऊंचे थोरले भाऊ, तापाने गेले. त्यांची बायको रमाताई. तिला मूलबाळ नाही. दिवसकार्य आटपलं न आटपलं तोच घरात बोभाटा झाला, की दादांची शिक्क्याची अंगठी नाहीशी झाली, वहिनींनीच ती भावाकडे पोचवली. आळीभर झालं. रमाताईने देवाच्या पायांवर हात ठेवून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. चोर ठरवून तिला देवरुखच्या मोटारीत बसवून दिलं, माहेरी. बागेतला तिचा हक्क, घरातली तिची खोली, सगळं त्या एका आरोपावर बुडालं. आमची सौभाग्यवती तिची मैत्रीण. तिने तेव्हाही सांगितलं होतं की हे खोटं आहे. बायकांचं कोण ऐकतो!

आणि हा गृहस्थ त्याच अंगठीतला खडा खिशात घालून माझ्याकडे येतो, आणि माझ्या यंत्रावर, माझ्या हातांनी भावाचं नाव पुसायला लावतो!

"काय पुरावा?" सदुभाऊ सावरले होते. "खडा कोरा आहे. कसलं नाव नि काय! इकडे द्या माझा खडा."

मी तो मुठीत धरला. "आता नाही मिळायचा," म्हटलं, आणि शेजारच्या अण्णा वकिलांना हाक मारली.

अण्णा गावातले सुधारक. ग्रहण लागलं की मुद्दाम अंगणात बसून जेवणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खडा पाहिला, आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग घरून स्वतःची लाख आणली, स्वतःचा कागद आणला, आम्हा सगळ्यांना मागे सरायला लावलं, आणि खडा दाबला. कागदावर तेच नाव आलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सदुभाऊ," ते म्हणाले, "हे कसं होतं ते मला माहीत नाही. पण या अंगठीतला खडा तुमच्याकडे कसा आला, ते मला आत्ता कळायला हवं आहे."

सदुभाऊ तणतणत निघून गेले. जाताना कोर्टाची धमकी दिली, पण कोर्टात गेले नाहीत. अण्णांनी मात्र पाठ सोडली नाही. पुढच्या सभेत देवळात सगळ्यांसमोर सदुभाऊंना म्हणावं लागलं, की अंगठी घरातच सापडली, वहिनींकडे दोष नाही. 'सापडली' म्हणाले! आणि मंडळींनी माना डोलावल्या, पानसुपारी झाली, गेले घरी. एकाही शहाण्याला वाटलं नाही, की देवरुखला जाऊन त्या बाईची माफी मागावी.

गेलो ते आम्ही दोघं. मोटारीत सौभाग्यवतीने खडा पदराच्या गाठीत बांधला होता. सारखी चाचपत होती. रमाताई भावाच्या अंगणात पोह्यांचे पापड वाळत घालत होती. आम्हाला पाहून उठली, हात पदराला पुसले. सौभाग्यवतीने सगळं सांगितलं आणि खडा तिच्या तळहातावर ठेवला.

रमाताईने तो उलटसुलट केला. तिच्या तोंडून आभाराचा शब्द येईल अशी माझी — काय सांगू — अपेक्षा होती.

"आणि अक्षरं?" ती म्हणाली.

"ती... घासली गेली. पण रमाताई—"

"तुम्ही घासलीत, भावजी?"

"हो, पण ती आहेत. दिसत नाहीत, पण उमटतात. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अण्णांनी पाहिलंय. थांबा, दाखवतो!"

मी बरोबर लाख नेली होती. तिच्या भावाने निखारा आणून दिला. लाख कागदावर ओतली, आणि मी म्हटलं, "तुमच्या हाताने दाबा."

तिने दाबला. अलगद उचलला.

लाख कोरी होती.

मी म्हटलं, गार झाली असेल. पुन्हा ओतली. तिने पुन्हा दाबला. कोरी. मी दाबला, सौभाग्यवतीने दाबला. कोरी, कोरी!  लाख संपेपर्यंत आम्ही तेच करत होतो. अंगणात त्या तांबड्या टिकल्या पसरलेल्या, एकीवरही एक रेघ नाही.

रमाताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सौभाग्यवतीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "असू दे ग. माझं मन राखायला एवढं केलंत दोघांनी." आमचा शब्द तिला खरा वाटलाच नाही! आम्ही तिची समजूत घालायला गोष्ट रचली, असंच ती आजही समजते. सदुभाऊंनी परत बोलावणं पाठवलं, ती गेली नाही. देवरुखला मुलींना शिवण शिकवते. खडा तिच्याकडे आहे. आम्ही गेलो की सौभाग्यवती गुपचूप लाख नेते. काही उमटत नाही.

परत आल्यावर मी अण्णांकडे त्यांचा ठसा मागायला गेलो, निदान तो तरी तिला दाखवू म्हणून. अण्णांनी तो पुण्याच्या कोणा विद्वान स्नेह्याकडे अभ्यासासाठी धाडला होता. त्या विद्वानांचं उत्तर आलं: लाखेत आधीचा ठसा राहिला असावा. ठसा परत आला नाही. आमच्याकडचे ठसे सदुभाऊंनी त्या दिवशी जाताना पायाखाली चिरडले होते.

लोक मला खुलासा विचारतात. माझ्याकडे नाही. घासलेल्या दगडातून नाव कसं उमटतं, मला ठाऊक नाही, आणि मी उगाच काही बनवून सांगणार नाही. यंत्र अजून पडवीत आहे, रोज चालतं, त्याला काही झालेलं नाही.

पण कधी कधी खडा चाकाला लावलेला असताना माझा असा संताप होतो, की सौभाग्यवती हात थांबवून विचारते, "काय झालं हो?" मी काही नाही म्हणतो. मी त्या विनायकरावांवर रागावलेला असतो. चोराला दिसलास, वकिलाला दिसलास, माझ्यासारख्या परक्या घड्याळजीला पुन्हा पुन्हा दिसलास... आणि जी तुझं नाव शोधत अंगणात बसली होती, तिला एकदा, एकदाच दिसायला तुला काय झालं होतं?