पासिंग कुठलं?

माझे वडील नागपूरच्या आरटीओतून निवृत्त झाले, पण आरटीओ त्यांच्यातून काही निवृत्त झालं नाही. लग्नाला जावोत की मयतीला, आधी दारातल्या गाड्यांचे नंबर वाचायचे आणि मगच आत शिरायचे. आई गेल्यावर मी त्यांना तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडमध्ये, ल्यूकनला आणलं. पाचव्याच दिवशी ते सोफ्यावर ताठ बसून म्हणाले, "तिकीट बदलून दे मले. मी काय इथं तुमचे पडदे पाहत बसून राहू? अन् एकदा गेलो का मग पुन्हा नाही येत बाप्पा."

मला भीती वाटली की मी रागावतो, तसा रागावलो. तिकडच्या रिकाम्या घरात ते दोन्ही वेळा खिचडी टाकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी ठोकून दिलं की तिकीट बदलताच येत नाही. धादांत खोटं होतं, पण बापाशी खोटं बोलायला मी नववीतच शिकलो होतो.

त्यांचं मन रमावं म्हणून मी इथल्या नंबरप्लेटचा विषय काढला. पाटीवर आधी वर्ष, मग काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं अक्षर, मग क्रमांक. वर्षाचेही दोन भाग, जानेवारीपासूनची गाडी वेगळी, जुलैपासूनची वेगळी. बाबा पुढे सरकले. "म्हणजे गाडीचं वय कपाळावरच लिहून ठेवलं? अन् लोक लपवत नाहीत?" मीथ काउंटीच्या गाड्यांवर आपल्या महाराष्ट्रासारखंच एमएच असतं, हेही मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवसापासून ते गावाकडचा माणूस भेटल्यागत प्रत्येक मीथवाल्याला हात करू लागले. मीथची माणसं भली, त्यांनीही हात केले.

आठव्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, तेव्हा आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर एक फोटो आला. माकडटोपी, स्वेटरवर स्वेटर, हातात वही, पाठमोरे आमचे तीर्थरूप. खाली लिहिलं होतं, हा माणूस सकाळपासून सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून घेतोय, कुणी ओळखतं का? एकजण म्हणाला, विमा कंपनीचा असेल. दुसरी म्हणाली, चोरांनी पुढे पाठवलेला. तिसऱ्याने लिहिलं की चोर असेल तर फारच सावकाश चोरी करतोय. मी दोन मिनिटं ओळख दिली नाही, हे आज कबूल करतो. मग लाज वाटली आणि 'माझे वडील आहेत, सवय आहे' असं लिहून मी घरी धावलो.

बाबा वसाहतीच्या गेटवर नव्हते. घरात नव्हते. मी एकेक घर विचारत निघालो.

झालं होतं असं. इथे गाडीच्या काचेवर तपासणीची चिठ्ठी लावावी लागते. कोपऱ्यावरच्या घरासमोरच्या गाडीच्या चिठ्ठीची मुदत संपून अकरा दिवस झालेले बाबांनी पाहिले. त्यांना राहवेना. त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या गृहस्थांना ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं, "सर, युवर फिटनेस इज ओव्हर." ते गृहस्थ म्हणजे बोस्नियातल्या साराजेव्होहून येऊन इथे स्थायिक झालेले आजोबा. नुकतंच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतलं. बाबांनी काचेवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं आणि हातातली वही पुढे केली. आजोबांनी वहीची चार पानं उलटली आणि बाबांना मागच्या शेडमध्ये नेलं.

तिथे मला ते दोघं सापडले. काळीकुट्ट कॉफी समोर, बाबांची माकडटोपी डोक्यावर आणि भिंतभर गाड्यांच्या पाट्या. मधोमध लाल चांदणी असलेली युगोस्लाव्हियाची जुनी पाटी, भोवती बहिणीची क्रोएशियाची, मेव्हण्याची स्लोव्हेनियाची, जुन्या मित्राची सर्बियाची. मोडलेल्या देशाचे तुकडे त्यांनी खिळ्यांनी ठोकून एकत्र ठेवले होते.

दोघांच्याही इंग्रजीचं पासिंग कधी झालेलं नव्हतं, तरी गाडी सुसाट होती. बाबा बोस्नियाच्या पाटीपाशी अडले. "याच्यावर गावाचं अक्षरच नाही. पासिंग कुठलं ते कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच," आजोबा म्हणाले. युद्धानंतर चुकीच्या भागात चुकीची पाटी घेऊन जायला लोक घाबरत. म्हणून नव्या पाटीवरून गाव काढून टाकलं, आणि लिपीवरूनही बाजू कळू नये म्हणून अक्षरं तिथल्या दोन्ही लिप्यांमध्ये सारखी दिसणारी तेवढीच घेतली.

बाबांनी हातातली वही मिटली. नोकरीभर त्यांनी पाटी पाहून माणूस कुठला ते सांगितलं होतं. मग म्हणाले, "आमच्या खात्याले असं सुचलं नसतं." आणि आपलं सांगू लागले. "मी जन्मलो तवा नागपूर मध्य प्रदेशात. शाळेत गेलो तवा मुंबई राज्यात. चौथीत महाराष्ट्रात. घर तेच. मी तर रस्ताबी ओलांडला नाही."

मी भाषांतर केलं. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "मित्रा, तू तर युगोस्लाव्हच निघालास!"

त्यानंतर तिकिटाचा विषय निघाला नाही. रोज दहा वाजता बाबा शेडमध्ये जात, आजोबांनी चिठ्ठी नवी केली की नाही ते आधी बघत आणि मग कॉफी घेत. वसाहतीतले लोकही येऊन विचारू लागले, आमच्या गाडीचं सगळं ठीक ना? "ग्रँड," बाबा म्हणत. इथे 'ठीक आहे'लाही ग्रँडच म्हणतात; तीन महिन्यांत तेवढा एकच इथला शब्द त्यांनी उचलला. विमानतळावर मात्र 'पुन्हा कधी येता' हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नाही म्हणाले असते तर?

दोन महिन्यांनी नागपूरहून पार्सल आलं. आत आमच्या स्कूटरची पुढची पाटी होती. ती स्कूटर कित्येक वर्षं व्हरांड्यात ताडपत्रीखाली उभी आहे. आई मागे बसायची म्हणून बाबांनी ती कधी विकली नाही आणि मला कधी हात लावू दिला नाही. सोबत रजिस्ट्रेशन रीतसर रद्द केल्याच्या कागदाच्या तीन प्रती, साक्षांकित. आणि एक चिठ्ठी:

'ही पाटी कोपऱ्यावरच्या आजोबांना देणे. तू ठोकू नकोस, तुला खिळा सरळ मारता येत नाही. तिच्या शेजारी तेवढीच जागा राखून ठेवायला सांग. मागची पाटी मी स्वतः घेऊन येतो. आणि या खेपेला तिकीट खरोखरच बदलता येईल असं काढ. तीन महिने कमी पडतात.'