बोहनीचा भाव

वायरच्या पिशव्यांना भाव किती लावायचा, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. दहावी झाल्यावर बाबा म्हणाले होते, आदिलाबादच्या कॉलेजात जायचं तर फी तुझी तू जमव. मीही तोऱ्यात हो म्हटलं. प्लास्टिकच्या वायरचं बंडल आणायचं, बोटं सोलवटेपर्यंत पिशवी विणायची आणि जैनथच्या बाजारात मावशीच्या भाजीशेजारी मांडून बसायचं. एका पिशवीला बारा रुपयांची वायर लागे. मी पंचवीस सांगायचे.

पण मावशीचा नियम होता: बोहनीचं, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. एका बाईंनी हे बरोबर हेरलं. आम्ही पोतं अंथरतो न अंथरतो तोच त्या हजर. "पंधराले दे, बोहनी हाय," असं त्या पलीकडच्या मिरचीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. मग दिवसभर जो तो पंधराच म्हणे.

मी काय काय करून पाहिलं! चाळीस सांगितले, तर त्या हसल्या आणि पंधराच दिले. एक वाकडीतिकडी पिशवी मुद्दाम पुढे ठेवली, तर त्यांनी मागची, मन लावून विणलेली दुरंगी उचलली. त्यांना पारख होती, याचाच मला जास्त राग यायचा.

फी भरायच्या आधीचा शेवटचा बाजार. माझ्याकडे सात पिशव्या होत्या. सगळ्या पंचवीसला गेल्या तरच फी पुरी होणार होती. त्या आल्या, तशी मी म्हटलं, "पंचवीसच्या खाली देत नाही."

त्या निघून गेल्या. मावशीने कपाळावर हात मारला. "काऊन वं असं केलं? पयलं गिऱ्हाईक परत धाडलं!"

दुपार झाली, तरी एकही पिशवी हलली नाही. बोहनीबिहनीवर माझा विश्वास नव्हता. तरी मी खूप घाबरले होते. पलीकडच्या ओळीत त्या बाई दिसल्या, तशी पिशवी घेऊन धावत गेले.

"बाई, घ्या न. तुमीच बोहनी करा."

"आता दहाले," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्याच, मोठ्याने.

मी पिशवी दिली, वर हातही जोडले. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सहाही गेल्या, दहा-दहालाच.