काचेबाहेरून काढलेली दृष्ट

मासळी घेऊन बाजाराला निघताना सोनूबाई रोज नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. दृष्ट काढल्याशिवाय तिचा पाय निघत नसे.

तिच्या नवऱ्याच्या, तुळशीदासच्या पायाच्या जखमेत औषधांना न जुमानणारे जंतू झाले, तेव्हा त्याला मालाडच्या इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवलं. गाऊन आणि हातमोजे घालून सोनूबाई आत गेली. त्याच्यावरून हात फिरवून तिने ते कानशिलांकडे नेले, तोच नर्स कल्पिता ओरडली, “मावशी, तोंडाला लावू नका! जंतू घरी नातवापर्यंत जातील.”

तान्ह्या नातवाच्या नावाने ती चरकली. “मग दृष्ट कशी काढू? मोज्यात बोटं वाजत पण नाय!”

“गाऊन, मोजे इथेच टाका, हात धुवा. मग काचेबाहेरून काढा.”

त्या दिवसापासून ती धुतलेल्या हातांनी काचेबाहेरून बोटं मोडू लागली. आत तुळशीदास हसायचा.

जखम भरून तो घरी आला. नातूही ठणठणीत होता. सकाळी सोनूबाईने हात धुतले, नवऱ्याच्या तोंडावरून फिरवले. बोटं कडाकडा वाजली. मग पाटी उचलत ती म्हणाली, “कालवण झाकून ठेवलंय, गार नका करू.”